थोरली भरलेली, धाकटी उपाशी

पाच आठवडे मुलीकडे न्यू जर्सीत राहून आम्ही पुण्याला परतलो ते पहाटे. सामान वर नेलं, कोरा चहा घेतला आणि उजाडल्यावर दूध-भाजी आणायला म्हणून मी पार्किंगमध्ये उतरलो. रिमोटचं बटण दाबलं. दिवा लुकलुकला नाही, आरसे उघडले नाहीत. रिमोटचा सेल गेला असेल म्हणून घरातली दुसरी किल्ली आणली. तीच गत. फोनवरचं अ‍ॅप मात्र ठामपणे सांगत होतं: बॅटरी ७१ टक्के. जाताना ७२ होती.

साडेनऊला गॅरेजचा मुलगा आला. त्यानं रिमोटच्या पोटातून लहानशी लोखंडी किल्ली ओढून काढली, तिनं दार उघडलं, बोनेटचा खटका ओढला आणि आतल्या छोट्या काळ्या बॅटरीवर मल्टिमीटरच्या पिना टेकवल्या. १०.४ व्होल्ट. "काका, थोरली ठणठणीत आहे तुमची," तो म्हणाला, "धाकटी उपाशी राहिली." मग वहीएवढी एक जंपर पेटी काढून त्यानं लाल-काळे चिमटे लावले. मागच्या सीटच्या खालून 'टक्' असा आवाज आला, क्षणभरानं दुसरा आला आणि समोरचा पडदा उजळला. आकडा ७१ टक्केच.

एका टक्क्याचीही ओढाताण नसलेली गाडी पार मेलेली होती. मी इलेक्ट्रिकलचा माणूस, तीस वर्षं कारखान्यात मेंटेनन्स केलेला, तरी हे कोडं नीट उलगडून पाहायला मला बरेच आठवडे लागले. इलेक्ट्रिक गाडी घेतलेली ओळखीची माणसं आता मला हाच प्रश्न विचारतात, म्हणून जे सापडलं ते सावकाश लिहून काढतो.

त्या मुलाचे शब्दच सोयीचे आहेत, तेच वापरू. प्रत्येक इलेक्ट्रिक गाडीत दोन बॅटऱ्या असतात. थोरली असते गाडीच्या तळाशी, लिथियमची, बहुतेक गाड्यांत तीनशे-चारशे व्होल्टची. चाकं तीच फिरवते. धाकटी असते बोनेटखाली किंवा डिकीत, १२ व्होल्टची, बहुतेक गाड्यांत अजून शिशाची आणि आम्लाची, म्हणजे पेट्रोलच्या गाडीत असते तीच. दोघींची ऐपत लाइट बिलाच्या भाषेत समजून घ्यावी. मध्यम आकाराच्या गाडीची थोरली ३० युनिटांची धरा. धाकटी साधारण ४० अँपिअर-तासांची. त्याला १२ व्होल्टनं गुणलं की ४८० वॉट-तास, म्हणजे जेमतेम अर्धं युनिट. माझ्या थोरलीत त्या सकाळी एकवीस युनिटं होती. तिच्या शेजारीच अर्ध्या युनिटाची धाकटी रिकामी झाली आणि एकवीस युनिटं कुलपात अडकून पडली.

कुलूप हा शब्द मी अलंकार म्हणून वापरलेला नाही. थोरलीच्या पेटीत, तिच्या दोन्ही तारांच्या तोंडाशी, एकेक जाडजूड स्विच असतो. त्याला कॉन्टॅक्टर म्हणतात. कारखान्यात मोटरच्या स्टार्टरमध्ये असतो तोच प्रकार: एक कॉइल, एक स्प्रिंग आणि तांब्याचे जाड संपर्क. कॉइलला वीज मिळाली तर संपर्क जुळतात. वीज गेली की स्प्रिंग त्यांना झटक्यात दूर ढकलते. गाडी बंद केली की थोरली अशी दोन्ही बाजूंनी तोडलेली असते. अपघात झाला, एअरबॅग फुटली, तारेचं वेष्टण सोललं, तर गाडीचा संगणक कॉइलची वीज काढून घेतो आणि तीनशे-चारशे व्होल्ट पेटीच्या आतच राहतात. सुटकेसाठी धावलेल्या माणसाला शॉक लागू नये म्हणून ही व्यवस्था आहे, आणि ती चोख आहे.

पण मग त्या कॉइलला वीज कोण देणार? थोरली देऊ शकत नाही, कारण ती कुलपाच्या पलीकडे आहे. ते काम धाकटीचं. बटण दाबल्यावर जे घडतं ते एका सेकंदाच्या आतबाहेर संपतं, पण क्रम पक्का असतो. आधी धाकटीच्या विजेवर संगणक जागे होतात. ते तारांचं इन्सुलेशन तपासतात, सगळ्या जोडण्या बसलेल्या आहेत ना ते पाहतात. मग एका बाजूचा कॉन्टॅक्टर जुळतो. दुसरा लगेच जुळत नाही. मोटर चालवणाऱ्या इन्व्हर्टरमध्ये मोठे कपॅसिटर असतात. त्यांच्यावर एकदम चारशे व्होल्ट सोडले तर ठिणगी उडून कॉन्टॅक्टरचे संपर्क एकमेकांना वेल्ड होऊन बसतील. म्हणून आधी एका रोधातून कपॅसिटर हळूच भरतात आणि मग दुसरा कॉन्टॅक्टर. मागच्या सीटखालून आले ते दोन 'टक्' हेच. एवढं झालं की डीसी-डीसी कन्व्हर्टर नावाचा भाग थोरलीची वीज १४ व्होल्टच्या आसपास उतरवून धाकटीला भरू लागतो. पेट्रोलच्या गाडीत डायनॅमो करतो ते काम इथे तो करतो. म्हणजे धाकटीला जेवू घालते थोरलीच, पण स्वयंपाकघराची किल्ली धाकटीच्या कमरेला असते. ती मूर्च्छित पडली की दोघींचंही अडतं.

तंत्रज्ञ म्हणून मला या धाकटीच्या इतिहासाचं फार कौतुक वाटतं. शिशाची बॅटरी गास्तों प्लाँते या फ्रेंच माणसानं १८५९ साली केली. मोटारीत ती पक्की ठाण मांडून बसली ती १९१२पासून, कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंगचा सेल्फ स्टार्टर आला तेव्हा. त्याआधी पेट्रोलची गाडी हँडल मारून चालू करावी लागे, हात मोडायचे, म्हणून शहरांतली कितीतरी माणसं इलेक्ट्रिक मोटार पसंत करत. स्टार्टर आला, हँडल गेलं, आणि त्या काळातली इलेक्ट्रिक मोटार मागे पडत गेली. तीच बॅटरी शंभर वर्षांनी परतलेल्या इलेक्ट्रिक मोटारीत बोनेटखाली बसलेली आहे. कारण सोपं आहे: दिवे, वायपर, काचा, कुलपं, रेडिओ असं सगळं सामान जगभर १२ व्होल्टवर बनतं. टेस्लानं २०२१पासून आपल्या गाड्यांत शिशाची काढून लिथियमची धाकटी बसवायला सुरुवात केली. बाकीचे हळूहळू त्या वाटेला लागले आहेत.

आता मूळ प्रश्न. बंद गाडीत धाकटी खर्च कशावर होते?

याचं उत्तर पुस्तकात वाचण्यापेक्षा मोजून पाहावं असं मला वाटलं. नवी धाकटी बसवल्यावर एका रात्री दहाला मी खुर्ची घेऊन पार्किंगमध्ये बसलो. मिलिअँपिअरपर्यंत वाचणारा डीसी क्लॅम्प मीटर एका जुन्या सहकाऱ्याकडून आणला होता. बोनेट उघडं ठेवून त्याच्या कुलपाचा खटका स्क्रू-ड्रायव्हरनं दाबून बसवला, म्हणजे गाडीला ते बंद आहे असं वाटावं. मीटरचा जबडा निगेटिव्ह तारेभोवती अडकवला, गाडी लॉक केली आणि किल्ली हिच्याकडे देऊन तिला वर पाठवलं.

लॉक केल्याकेल्या मीटर सात अँपिअर दाखवत होता. पंखे, पंप, पडदा, संगणक, सगळे एकमेकांचा निरोप घेत होते. दोन मिनिटांनी आकडा चारवर आला. सहाव्या मिनिटाला कुठेतरी एक रिले सुटल्याचा बारीक आवाज झाला आणि आकडा एकवर उतरला. अकराव्या मिनिटाला तो ०.०३वर येऊन थांबला. तीस मिलिअँपिअर. ही गाडीची झोप.

झोपेतही इतकी वीज का लागते? कारण ती श्वाननिद्रा आहे. रिमोटचा सिग्नल ऐकायला एक कान उघडा ठेवावा लागतो. चोरघंटीला जागं राहावं लागतं. सिमकार्ड बसवलेला मोडेम मोबाइलच्या टॉवरशी अधूनमधून बोलतो, नाहीतर अ‍ॅपवरून गाडी सापडणार कशी? पेट्रोलच्या आधुनिक गाडीलाही हे लागतं. वीस ते पन्नास मिलिअँपिअर हा कुठल्याही निरोगी गाडीचा झोपेतला खर्च समजावा.

तीस मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला ०.७२ अँपिअर-तास. पस्तीस दिवसांचे झाले पंचवीस. नव्या ४० अँपिअर-तासांच्या धाकटीनं हे रडतखडत निभावलं असतं. पण माझी जुनी धाकटी तीन वर्षांची होती. शिशाची बॅटरी वयानुसार आक्रसते. ४० लिहिलेल्या बॅटरीत त्या वयात २८ उरले असतील तर नवल नाही. शिवाय ती वापर नसतानाही आतल्या आत महिन्याला तीन ते पाच टक्के गळते आणि तापमान दहा अंशांनी वाढलं की ही गळती जवळपास दुप्पट होते. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात उघड्यावर उभ्या गाडीचा हिशेब पुण्यातल्या तळघरातल्या गाडीपेक्षा निराळा मांडायला हवा तो यासाठी.

तरीही हिशेब पुरता जुळेना. पंचवीस गेले आणि अठ्ठावीस होते, तर गाडी अगदी शेवटाला आली असती, पण इतकी गलितगात्र झाली नसती. अ‍ॅपमधल्या एका बारीक ओळीनं ते उलगडलं. ७१ टक्क्यांच्या खाली 'शेवटची नोंद' म्हणून तारीख होती, आणि ती होती आम्ही निघाल्यानंतरच्या बाराव्या दिवसाची. त्यानंतर अ‍ॅप तोच जुना आकडा दाखवत राहिलं होतं. तळघरात रेंज नसेल असं मी तिकडे बसून समजत होतो.

आणि पहिले बारा दिवस मी काय करत होतो? सकाळी उठल्यावर आणि रात्री झोपताना अ‍ॅप उघडून गाडी बरी आहे ना ते बघत होतो.

पार्किंगमध्ये बसल्याबसल्या मी हिला फोन लावला. "अगं, आता अ‍ॅप उघड." चार-पाच सेकंद काही नाही. मग मीटरचा आकडा ०.०३वरून एकदम सहावर उडाला. डोक्यावर कुणी हाक मारल्यासारखी गाडी दचकून उठली होती. बोनेटखाली काहीतरी गुणगुणलं. फोनवरून ही म्हणाली, "सत्तर दाखवतंय." तिनं अ‍ॅप बंद केलं तरी गाडी लगेच झोपली नाही, पुन्हा तीस मिलिअँपिअरवर यायला तिला आठ-नऊ मिनिटं लागली. सहा अँपिअरनं आठ मिनिटं म्हणजे ०.८ अँपिअर-तास. एकदा अ‍ॅप उघडून बघणं म्हणजे धाकटीच्या लेखी एका अख्ख्या दिवसाची झोप. दोनदा बघितलं तर झोपेचे ०.७ आणि जागरणाचे १.६ मिळून दिवसाला २.३ झाले. अठ्ठावीसाला २.३नं भागा. बारा दिवस.

ज्या काळजीनं मी गाडी बघत होतो त्या काळजीनंच ती संपली, हे त्या रात्री कळल्यावर मला फार लागलं.

झोपमोड करणारे इतरही असतात. किल्ली खिशात ठेवून दाराला हात लावताच उघडणारी गाडी असेल, तर किल्ली गाडीच्या आसपास आली की दोघांचं बोलणं सुरू होतं. दाराजवळच्या खुंटीवर किल्ली आणि भिंतीपलीकडे गाडी अशी बंगल्यातली मांडणी असेल, तर गाडीला रात्रभर नीट झोप लागत नाही. तळघरात रेंज कमी असली की मोडेम टॉवर शोधत बसतो; माझ्या मीटरवर दर काही मिनिटांनी ०.२ची एक उसळी दिसायची ती त्याचीच असणार. गाडीचं सॉफ्टवेअर हवेतून अपडेट होतं तेव्हाही ती बराच वेळ जागी राहते.

मात्र सर्वांत वाईट चोर आपण स्वतः आणून बसवतो. बाजारात बसवून घेतलेला डॅशकॅम 'पार्किंग मोड'वर ठेवला तर तो पाव ते अर्धा अँपिअर सतत ओढतो. ०.३ धरला तरी दिवसाला सात अँपिअर-तास झाले. नवी बॅटरीही पाच-सहा दिवसांत रिकामी. बाहेरून लावलेला जीपीएस ट्रॅकर, सॉकेटमध्ये विसरलेला टायरचा पंप, एखाद्या हौशी दुकानदारानं नको त्या फ्यूजवरून ओढलेली पायाखालची निळी लाइट, सगळे याच पंगतीचे. गाडी नीट झोपते की नाही असा संशय आला तर आधी ही मंडळी काढा आणि मग मोजा.

२०२०च्या लॉकडाउननं हा धडा सगळ्या शहरांना एकदम दिला होता. मार्चअखेर उभ्या राहिलेल्या गाड्या जूनमध्ये चालू होईनात, पेट्रोलच्या आणि डिझेलच्याही. त्याच वर्षी जानेवारीत टाटांची नेक्सॉन ईव्ही बाजारात आली होती, त्यामुळे आपल्याकडच्या कित्येक पहिल्यावहिल्या इलेक्ट्रिक गाड्यांनी सुरुवातीचे महिने जागेवर उभं राहून काढले. जर्मनीत एडीएसी ही वाहनचालकांची मोठी संस्था रस्त्यावर अडलेल्या गाड्यांची दरवर्षी मोजदाद करते. तिथेही पहिला नंबर १२ व्होल्टच्या बॅटरीचा असतो, आणि इलेक्ट्रिक गाड्याही त्याला अपवाद नाहीत.

कारखानदारांना हे माहीत नाही असं नाही. उपाय साधा आहे: धाकटीचा व्होल्टेज उतरला की गाडीनं स्वतःहून कॉन्टॅक्टर जुळवावेत, थोरलीतून तिला थोडं भरावं आणि पुन्हा झोपावं. अनेक गाड्या हे करतात. ह्युंदाईच्या कोनासारख्या गाड्यांत या सोयीला वेगळं नावही दिलेलं आहे, आणि ते काम चालू असताना एक दिवा लागतो. निस्साननं पहिल्या लीफच्या वरच्या मॉडेलला मागच्या पंखावर पुस्तकाएवढं सौर पॅनेल दिलं होतं, तेही धाकटीसाठीच. गाडी घेताना विक्रेत्याला रंग आणि सनरूफ विचारण्याआधी हा प्रश्न विचारावा, असं माझं स्पष्ट मत आहे: उभ्या गाडीत धाकटी आपोआप भरते का, आणि कितीदा? कारण बहुतेक ठिकाणी याला मर्यादा घातलेली असते. ठरावीक वेळा भरूनही गाडी हललीच नाही, तर ती प्रयत्न सोडते. काही गाड्या थोरली ठरावीक टक्क्यांखाली गेली की धाकटीला देणं बंद करतात.

आता थोरलीकडे वळू. बहुतेकांची धास्ती तिच्याबद्दल असते, आणि ती बव्हंशी अनाठायी आहे.

लिथियमचा सेल नुसता ठेवला तर महिन्याला एक-दोन टक्क्यांच्या आसपास गळतो. कॉन्टॅक्टर उघडे असले की गाडीचं बाकी सामान तिच्यातून काही घेऊच शकत नाही. धाकटी आपोआप भरणाऱ्या गाडीत झोपेचा खर्च शेवटी थोरलीच्या खात्यावर पडतो, पण तो किती? तीस मिलिअँपिअर आणि १२ व्होल्ट म्हणजे ०.३६ वॉट, महिन्याला पाव युनिट. तीस युनिटांच्या थोरलीचा तो एक टक्कासुद्धा नाही.

मग कुणी म्हणतं, माझी गाडी रोज एक टक्का उतरते. त्यावर एक सोपं गणित करा. ३० युनिटांचा एक टक्का म्हणजे ३०० वॉट-तास. चोवीस तासांनी भागले की साडेबारा वॉट. चोवीस तास सतत साडेबारा वॉट खर्च होत असतील तर ती झोपलेली गाडी नव्हे. झोपेच्या पस्तीसपट खर्च आहे हा. कुणीतरी तिला वारंवार उठवतंय किंवा एखादी सोय रात्रंदिवस चालू आहे. टेस्लाच्या जुन्या माहितीपुस्तकात उभ्या गाडीत दिवसाला सुमारे एक टक्का जाईल असं सरळ लिहिलेलं असे; त्या गाड्या बऱ्याच जाग्या राहणाऱ्या.

जागं ठेवणाऱ्या सोयींत सर्वांत खर्चीक म्हणजे पहारा. टेस्लाचा 'सेंट्री मोड' चालू असला की गाडीचे कॅमेरे आणि मुख्य संगणक सतत चालू राहतात आणि साधारण दोनशे ते तीनशे वॉट खातात. अडीचशे धरले तर दिवसाला सहा युनिटं, म्हणजे साठ युनिटांच्या गाडीतले दहा टक्के. विमानतळावर पंधरा दिवस गाडी लावून जाणाऱ्यानं पहारा चालू ठेवला तर परत येताना चार्जर शोधावा लागेल. नशिबानं २० टक्क्यांवर पहारा आपणहून बंद होतो. दुसरी सोय उन्हातली: आतलं तापमान ४० अंशांवर जाऊ न देणं. ती गाडी सोडल्यापासून बारा तास चालते. जुलै २०२५मध्ये टेस्लाचं दालन मुंबईत बीकेसीला उघडलं, तेव्हापासून या दोन्ही सोयी आपल्या उन्हात आणि आपल्या पार्किंगमध्ये आल्या आहेत. इतर कंपन्यांच्या नव्या गाड्यांतही पहाऱ्याचे कॅमेरे येऊ लागलेत. ते जरूर वापरावेत, पण दिवसाला काही युनिटं ही त्याची किंमत आहे हे माहीत असावं.

थंडीच्या देशांत आणखी एक गोष्ट होते. न्यू जर्सीत जानेवारीतल्या एका सकाळी जावयाच्या गाडीनं रात्रीपेक्षा पाच टक्के कमी दाखवले आणि शेजारी निळं हिमकणाचं चिन्ह. वीज कुठे गेली नव्हती. गारठलेल्या सेलमधून ती बाहेर काढता येत नाही, म्हणून गाडी तेवढा भाग तात्पुरता बाजूला धरते. दुपारी गाडी थोडी चालून सेल उबदार झाले आणि आकडा वर आला.

इथे टक्केवारीबद्दल थोडं थांबतो, कारण पुष्कळ भांडणं या आकड्यामुळे होतात. टाकीतल्या पेट्रोलसारखं काही आत मोजायला नसतं. गाडी चालताना संगणक आत-बाहेर जाणारे अँपिअर मोजून जमाखर्च ठेवतो. झोपेत ही मोजणी बंद असते. जाग आल्यावर तो सेलचा व्होल्टेज पाहून अंदाज बांधतो. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत एलएफपी, म्हणजे लोह-फॉस्फेटचे सेल असतात. त्यांचा व्होल्टेज मधल्या मोठ्या पट्ट्यात ३.२-३.३च्या आसपास जवळजवळ सपाट असतो. चाळीस टक्के असोत की सत्तर, फरक इतका बारीक की नुसत्या व्होल्टेजवरून संगणकाला नीट सांगता येत नाही. म्हणून एलएफपी गाड्यांचे उत्पादक अधूनमधून पूर्ण १०० टक्के भरायला सांगतात. टोकाला व्होल्टेज झपकन वर जातो आणि संगणकाला आपली वही जुळवून घेता येते. दोन आठवडे उभ्या गाडीनं दोन टक्के कमी दाखवले, तर त्यातलं काही गळालेलं नसून नुसतं नव्यानं मोजलेलंही असू शकतं.

थोरलीचं खरं नुकसान टोकांना होतं. १०० टक्के भरून आणि उन्हात ताटकळत ठेवली तर तिचं वय लवकर वाढतं. उलट, ५-१० टक्क्यांवर ठेवून महिनोन्महिने गेलात तर ती शून्याच्याही खाली उतरू शकते, आणि पार उतरलेला लिथियम सेल पुन्हा भरण्यालायक राहत नाही. २०१२च्या सुरुवातीला अमेरिकेत टेस्लाच्या पहिल्या रोडस्टर गाड्यांबाबत हे गाजलं होतं: महिनोन्महिने न भरता उभ्या ठेवलेल्या काही गाड्यांच्या थोरल्या कायमच्या गेल्या. त्यानंतरच्या गाड्यांत संरक्षण पुष्कळ वाढलं आहे. तरी लांब जाताना ती अर्ध्याच्या आसपास, चाळीस ते साठ टक्क्यांत, आणि सावलीत ठेवावी.

चार्जरला लावूनच जावं का, असं बरेच जण विचारतात. काही गाड्या चार्जरला असताना धाकटीची नीट काळजी घेतात. काहींत मात्र थोरली भरली की सगळंच थांबतं. आपल्याकडे आणखी एक बाब आहे: वीज जाते-येते, आणि काही गाड्या दर वेळी वीज आली की जाग्या होऊन चार्जरशी पुन्हा बोलणी करतात. गावाकडे दिवसातून चारदा वीज जात असेल तर ते चार वेळचं जागरण. गाडीचं माहितीपुस्तक काय म्हणतं ते इथे निर्णायक. धाकटी आपोआप न भरणारी गाडी असेल आणि पार्किंगमध्ये साधं तीन पिनचं सॉकेट असेल, तर १२ व्होल्टचा छोटा मेंटेनर चार्जर धाकटीला लावून जाणं सर्वांत निर्धास्त.

आमच्या पार्किंगमध्ये तसं सॉकेट नाही. त्यामुळे उरला जुना रामबाण: धाकटीचं निगेटिव्ह टर्मिनल सोडवणं. पेट्रोलच्या गाडीला आपण हे बिनदिक्कत करायचो. इलेक्ट्रिक गाडीत आधी पुस्तक उघडून परवानगी आहे ना ते पाहावं. गाडी चालू किंवा चार्जिंगला असताना तर टर्मिनलला हातही लावू नये. लॉक करून, किल्ली दूर ठेवून, ती पूर्ण झोपेपर्यंत पंधरा-वीस मिनिटं थांबावं. धाकटी डिकीत असेल तर जास्त जपायला हवं, कारण डिकीचं कुलूप विजेवर चालतं. टर्मिनल सोडून डिकी बंद केली की किल्ली घरात ठेवून दार ओढल्यासारखं होईल. आणि नारिंगी वेष्टणाच्या तारा कुठेही दिसल्या तर त्यांच्यापासून हात लांब. त्या थोरलीच्या आहेत.

गाडी मेलेली सापडलीच तर घाबरण्यासारखं फार नसतं. लोखंडी किल्लीनं दार उघडायचं, धाकटीला जंपर पेटी लावायची आणि गाडी चालू करायची. पेट्रोलच्या गाडीसारखा स्टार्टर फिरवायचा नसतो, फक्त संगणक आणि कॉन्टॅक्टर उठवायचे असतात, म्हणून लहान पेटीही पुरते. चालू झाल्यावर लगेच बंद करू नका. तासभर तशीच ठेवा किंवा फिरवून आणा, म्हणजे थोरलीकडून धाकटीचं पोट भरेल. आपल्या इलेक्ट्रिक गाडीवरून शेजाऱ्याची पेट्रोल गाडी मात्र जंप करू नका. स्टार्टर शेकडो अँपिअर मागतो आणि कन्व्हर्टर त्यासाठी बनलेला नसतो. धाकटी मेलेली असताना गाडी टोचन करून ओढूही नका. बऱ्याच गाड्यांत हँडब्रेक विजेवरचा असतो, तो सुटत नाही, आणि चाकं फिरली तर मोटर वीज बनवू लागते. क्रेनवाल्याला गाडी पूर्ण उचलून सपाट ट्रकवर घ्यायला सांगा. एकदा १०-११ व्होल्टपर्यंत बसलेल्या शिशाच्या बॅटरीच्या पट्ट्यांवर कडक गंधकी थर धरतो, तो पूर्ण निघत नाही. माझी जुनी धाकटी जंप केल्यावर दीड महिना चालली आणि मग बदलावीच लागली.

पुढच्या डिसेंबरात आम्ही पुन्हा सहा आठवड्यांसाठी निघालो. आदल्या रात्री थोरली ५५ टक्क्यांवर आणली, डॅशकॅमची वायर काढली, गाडी झोपायला वीस मिनिटं दिली आणि दहा नंबरच्या पान्यानं निगेटिव्ह टर्मिनल सोडवून त्यावर जुन्या सुती बनियनची चिंधी गुंडाळली. बोनेट लोखंडी किल्लीनं दार उघडल्यावर पुन्हा उघडतं याची खात्री करून घेतली. तिकडे असताना अ‍ॅप उघडलं नाही. उघडूनही काही दिसणार नव्हतं.

परतल्यावर सकाळी पिना टेकवल्या: १२.५४ व्होल्ट. पूर्ण भरलेल्या बॅटरीचा १२.६ ते १२.८ असतो, अर्ध्यावर आलेलीचा १२.२. चिंधी काढून टर्मिनल घट्ट केलं, घड्याळ लावलं, काचांची वरखाली शिकवणी पुन्हा करून घेतली. बटण दाबलं. मागच्या सीटखालून टक्, आणि क्षणभरानं टक्. थोरली ५४. वॉचमन काकांनी फाटक उघडलं आणि मी दूध आणायला निघालो.